दंतचक्रांतील बिघाडाचे कंपन-संकेतांद्वारे पूर्वनिदान : परभणी जिल्ह्यातील साखर व जिनिंग उद्योगाच्या संदर्भात

सारांश

साखर कारखान्याची मिल असो वा कापसाचे जिनिंग यंत्र असो, शक्तीचे वहन दंतचक्रांमार्फत म्हणजेच गिअरमार्फत होते. हंगाम ऐन भरात असताना एखाद्या गिअरचा दाता तुटला तर केवळ यंत्र थांबत नाही, तर तोडलेला ऊस, ऊसतोड टोळ्या आणि शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न अडकून पडते. दाता तुटण्यापूर्वी गिअरच्या कंपनात विशिष्ट बदल होतात. हे बदल कोणते, ते कंपनाच्या एकूण पातळीत का दिसत नाहीत, ते ओळखण्याच्या पद्धती कोणत्या आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. महागड्या उपकरणापेक्षा यंत्राच्या निरोगी अवस्थेची पद्धतशीर नोंद अधिक मोलाची ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : दंतचक्र, कंपन, वारंवारता, वर्णपट, पार्श्वपट्ट, शिखरता गुणांक, गळीत हंगाम.

प्रस्तावना

परभणी हा मूलतः कापूस, ज्वारी, तूर व सोयाबीन पिकविणारा जिल्हा. सेलू, मानवत, जिंतूर या बाजारपेठांची ओळख कापसामुळे आहे. जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा आणि गोदावरीचा काठ यांमुळे जिल्ह्याच्या काही भागात ऊस वाढला आणि गंगाखेड, पाथरी, सोनपेठ, पूर्णा या तालुक्यांत साखर कारखाने उभे राहिले. हे दोन्ही उद्योग हंगामी आहेत. बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळी पडली की पुढील काही महिने कारखाना रात्रंदिवस चालतो. यंत्र दुरुस्त करावयास वेळ मिळतो तो हंगाम संपल्यानंतरच.

अशा उद्योगात मधल्या काळातील बिघाडाची किंमत मोठी असते. उदाहरणादाखल, दररोज २,५०० टन गाळप करणारा एखादा कारखाना गिअरबॉक्स निकामी झाल्यामुळे तीन दिवस बंद पडला, तर ७,५०० टन उसाचे गाळप लांबते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा रास्त व किफायतशीर दर ठरविला. त्या दराने या उसाचे मोल सुमारे २ कोटी ६६ लाख रुपये होते. हा सर्व ऊस वाया जातो असे नव्हे. परंतु तोडलेल्या उसातील साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये रूपांतर होऊ लागते आणि वजनही घटते. म्हणूनच तोडणीनंतर शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे, असा आग्रह धरला जातो. उतारा घटला की त्याचा परिणाम दरावर होतो, कारण दर उताऱ्याशी जोडलेला आहे. वरील हंगामात ०.१ टक्का उताऱ्यामागे क्विंटलला ३.४६ रुपयांचा फरक ठरविण्यात आला होता. म्हणजेच गिअरच्या एका दात्यातील तडा ही केवळ अभियंत्याची बाब राहत नाही. तिचा संबंध शेतकऱ्याच्या बिलाशी येतो.

यंत्राचा आवाज ऐकून दोष ओळखण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. अनुभवी फिटर लोखंडी सळईचे एक टोक बेअरिंगच्या घरावर व दुसरे कानाजवळ धरून आतील हालहवाल सांगतो. कंपन-संकेतांचे विश्लेषण हे याच कलेचे मोजमापावर आधारलेले रूप होय. विविध विद्याशाखांतील प्राध्यापकांना या विषयाचे मूलतत्त्व समजावे आणि आपल्या परिसरातील उद्योगांशी त्याची सांगड घालता यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

उद्दिष्टे

१. निरोगी व सदोष दंतचक्राच्या कंपनातील फरक स्पष्ट करणे.
२. दोष ओळखण्याच्या प्रमुख पद्धतींचे सोदाहरण विवेचन करणे.
३. साखर मिल व जिनिंग यंत्रांच्या बाबतीत या पद्धतींसमोर येणाऱ्या अडचणी मांडणे.
४. स्थानिक महाविद्यालयांना करता येण्याजोग्या कामाची दिशा सुचविणे.

लेखाची पद्धत वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. गणिती उदाहरणांतील यंत्राची मापे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतली आहेत.

१. निरोगी गिअरही कंप पावतो

एक गैरसमज प्रथम दूर करावयास हवा. कंपन म्हणजे बिघाड नव्हे. दोन गिअर परस्परांत फिरत असताना कधी दात्यांची एकच जोडी भार वाहते, तर कधी दोन जोड्या. एका जोडीवर भार आला की दाते किंचित अधिक वाकतात, दोन जोड्यांवर विभागला की कमी वाकतात. त्यामुळे चालविणारा गिअर अगदी एकसारख्या वेगाने फिरला तरी चालणारा गिअर सूक्ष्म प्रमाणात पुढेमागे होतो. या फरकास वहनातील त्रुटी म्हणतात आणि गिअरच्या कंपनाचे मूळ कारण तेच होय.

हे प्रत्येक दात्याच्या जुळणीबरोबर घडते. म्हणून गिअरच्या कंपनात एक ठळक वारंवारता आढळते. तिला दातजुळणीची वारंवारता म्हणू. तिचे सूत्र सोपे आहे : गिअरचे सेकंदाला होणारे फेरे गुणिले त्याच्या दात्यांची संख्या. परस्परांत अडकलेल्या दोन्ही गिअरांसाठी हे उत्तर एकच येते.

सर्व दाते सारखे असतील तर प्रत्येक जुळणीचा ठोका सारखा पडतो. एखादा दाता इतरांहून वेगळा झाला की ठोक्यांच्या या मालिकेत दर फेऱ्याला एकदा खंड पडतो. पूर्वनिदानाचे सारे शास्त्र या एका निरीक्षणावर उभे आहे.

२. बिघाडाचे प्रकार

दात्यांचे बिघाड स्थूलमानाने दोन गटांत विभागता येतात. पहिल्या गटात गिअरभर पसरणारे बिघाड येतात. वंगण अपुरे वा दूषित असल्याने होणारी झीज, वंगणाचा थर तुटल्यामुळे पृष्ठभागावर उठणारे ओरखडे आणि शाफ्ट सरळ रेषेत नसल्याने दात्याच्या एकाच कडेवर येणारा भार ही त्यांची उदाहरणे होत. दुसऱ्या गटात एखाद-दुसऱ्या दात्यापुरते मर्यादित बिघाड येतात. पृष्ठभागावर पडणारे खड्डे सुरुवातीस याच गटात मोडतात. या गटातील सर्वांत गंभीर बिघाड म्हणजे दात्याच्या मुळाशी, जेथे वाकण्याचा ताण सर्वाधिक असतो तेथे, धातूच्या थकव्यामुळे निर्माण होणारा तडा होय.

पहिल्या गटातील बिघाड सावकाश वाढतात व दातजुळणीच्या वारंवारतेची आणि तिच्या दुपटी-तिपटींची उंची वाढवितात. दुसऱ्या गटातील बिघाड बराच काळ गुप्त राहतात आणि नंतर वेगाने वाढतात. पूर्वनिदानाची खरी कसोटी येथेच लागते.

३. एकूण पातळी अपुरी का पडते?

यंत्राची कंपन-पातळी मोजून त्याची प्रकृती ठरविण्याची कल्पना टी. सी. रॅथबोन यांनी १९३९ मध्ये तक्त्याच्या रूपात मांडली. आजही अनेक ठिकाणी हातातील मापक बेअरिंगवर टेकवून कंपनवेगाचा मिलिमीटर प्रति सेकंद असा एकच आकडा नोंदविला जातो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २०८१६ या मालिकेत गिअर युनिटसाठी स्वतंत्र नववा भाग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. असंतुलन, सैल पाया, शाफ्टची चुकलेली रेषा हे दोष अशा एका आकड्यात चांगले पकडले जातात. दात्यातील तडा मात्र त्यात सहसा लपून राहतो.

याचे कारण संख्येच्या साहाय्याने पाहता येईल. कंपनाची १,००० मोजमापे घेतली असून ती प्रसामान्य वितरणाची आहेत व त्यांचे वर्गमाध्यमूळ १ आहे असे समजू. आता त्यांपैकी केवळ १० मोजमापांच्या जागी, दाता सदोष असल्यामुळे, १० एवढ्या उंचीचे धक्के आले. वर्गांची सरासरी ०.९९ अधिक १, म्हणजे १.९९ झाली, वर्गमाध्यमूळ १ वरून १.४१ वर गेले. एवढा फरक भार बदलल्यानेही पडू शकतो, म्हणून तो कोणाच्या डोळ्यात भरणार नाही.

त्याच मोजमापांचा शिखरता गुणांक, ज्यास संख्याशास्त्रात कुर्टोसिस म्हणतात, काढून पाहू. यात चौथ्या घातांच्या सरासरीस वर्गांच्या सरासरीच्या वर्गाने भागतात. प्रसामान्य वितरणासाठी हा गुणांक ३ असतो. वरील उदाहरणात चौथ्या घातांची सरासरी सुमारे १०३ येते, तिला ३.९६ ने भागल्यास उत्तर २६ येते. एकीकडे दीडपटीहूनही कमी वाढ, तर दुसरीकडे जवळजवळ नऊपट वाढ. विरळ पण तीव्र धक्के शोधण्यास चौथा घात का उपयोगी पडतो, हे यावरून लक्षात येईल.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बिघाड एका दात्यावरून अनेक दात्यांवर पसरला की धक्के विरळ राहत नाहीत आणि शिखरता गुणांक पुन्हा खाली येतो. केवळ हा एक आकडा पाहणाऱ्यास यंत्र सुधारले असे वाटेल, जेव्हा प्रत्यक्षात ते अधिक बिघडलेले असते. म्हणून कोणताही आकडा एकटा न वाचता त्याचा मागील नोंदींशी असलेला क्रम वाचावा लागतो.

४. वर्णपट व पार्श्वपट्ट

लोलकातून गेलेला प्रकाश जसा रंगांत विभागला जातो, तसा कोणताही गुंतागुंतीचा संकेत निरनिराळ्या वारंवारतांच्या साध्या तरंगांत विभागता येतो. जोसेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये उष्णतावहनावरील ग्रंथात ही पद्धत मांडली. प्रत्यक्ष यंत्रशाळेत तिचा वापर सुलभ झाला तो १९६५ मध्ये कूली व ट्युकी यांनी प्रसिद्ध केलेल्या जलद गणनपद्धतीमुळे. ४,०९६ मोजमापांच्या संकेतासाठी सरळ पद्धतीने सुमारे १ कोटी ६८ लाख गुणाकार लागतात. जलद पद्धतीत हे काम सुमारे ४९ हजारांच्या प्रमाणात येते. आज हे गणन साधा संगणक क्षणार्धात करतो.

आता एका गिअरबॉक्सचे उदाहरण घेऊ. मोटार मिनिटाला १,४८० फेरे घेते. तिच्या शाफ्टवरील लहान गिअरला, म्हणजे पिनियनला, २३ दाते आहेत आणि मोठ्या गिअरला ९१.

तक्ता क्र. १ : उदाहरणातील गिअरबॉक्सच्या वारंवारता

पिनियनची फिरण्याची वारंवारता : २४.६७ हर्ट्झ
दातजुळणीची वारंवारता : ५६७.३ हर्ट्झ
मोठ्या गिअरची फिरण्याची वारंवारता : ६.२३ हर्ट्झ
पिनियन सदोष असल्यास पहिले पार्श्वपट्ट : ५४२.७ व ५९२.० हर्ट्झ
मोठा गिअर सदोष असल्यास पहिले पार्श्वपट्ट : ५६१.१ व ५७३.६ हर्ट्झ

पिनियनचा एक दाता दुबळा झाला असे समजा. ५६७.३ हर्ट्झच्या तरंगाची उंची दर फेऱ्याला एकदा, म्हणजे सेकंदाला २४.६७ वेळा, कमीजास्त होईल. रेडिओ प्रक्षेपणात वाहक तरंगावर आवाज चढविला जातो, तसाच हा प्रकार आहे. अशा वेळी वर्णपटात मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना २४.६७ हर्ट्झच्या अंतराने लहान शिखरे उभी राहतात. त्यांना पार्श्वपट्ट म्हणतात. त्यांचे अंतर दोषी गिअर कोणता ते सांगते. अंतर २४.६७ असेल तर पिनियन तपासावा, ६.२३ असेल तर मोठा गिअर. गिअरबॉक्स न उघडता इतके नेमके उत्तर मिळणे ही या पद्धतीची मोठी देणगी होय.

२३ आणि ९१ या संख्यांना सामाईक विभाजक नाही, ही निवडही हेतुपूर्वक केलेली असते. त्यामुळे पिनियनचा एक विशिष्ट दाता मोठ्या गिअरच्या त्याच दात्यास पुन्हा भेटण्यास पिनियनचे ९१ फेरे, म्हणजे सुमारे ३.७ सेकंद लागतात. एका दात्याचा दोष समोरच्या एकाच दात्यावर वारंवार आदळत नाही व झीज सर्वत्र सारखी विभागली जाते.

५. दोष अधिक स्पष्ट करणाऱ्या पद्धती

प्रत्यक्ष गिअरबॉक्समध्ये अनेक गिअर, बेअरिंगे आणि शेजारच्या यंत्रांची कंपने एकत्र मिसळलेली असतात. त्यातून हवा तो गिअर वेगळा काढण्यासाठी समकालिक सरासरीची पद्धत वापरतात. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव जोडाच्या जागी उचललेली असेल तर प्रत्येक फेऱ्याला त्याच ठिकाणी धक्का बसतो. रस्त्यावरील दगडांचे धक्के मात्र कोठेही बसतात. शंभर फेऱ्यांच्या नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढली तर दगडांचे धक्के परस्परांना मारून टाकतात आणि धावेचा धक्का तेवढा शिल्लक राहतो. गिअरच्या बाबतीतही हेच घडते. शाफ्टवर चकाकणारी पट्टी चिकटवून प्रकाशीय संवेदकाने दर फेऱ्याला एक खूण घेतात व त्या खुणेपासून प्रत्येक फेरा मोजतात. यादृच्छिक गोंगाट फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १०० फेऱ्यांच्या सरासरीने तो दहापट कमी होतो. वरील उदाहरणात १०० फेऱ्यांस फक्त चार सेकंद लागतात.

पार्श्वपट्टांची संख्या वाढली की वर्णपट वाचणे अवघड होते. यासाठी वर्णपटाच्या लॉगॅरिथमचाच पुन्हा वर्णपट काढण्याची युक्ती बोगर्ट, हीली व ट्युकी यांनी १९६३ मध्ये भूकंपलहरींच्या अभ्यासासाठी मांडली. तिला केप्स्ट्रम हे नाव मिळाले. समान अंतरावरील अनेक पार्श्वपट्ट तिच्यात एका शिखरात गोळा होतात; आर. बी. रँडल यांनी गिअरबॉक्सच्या निदानात तिचा उपयोग प्रस्थापित केला. १९७७ मध्ये आर. एम. स्टुअर्ट यांनी सरासरी काढलेल्या संकेतातून नियमित भाग वजा करून उरलेल्या भागाचा शिखरता गुणांक पाहण्याची पद्धत सुचविली. १९८० च्या दशकात पी. डी. मॅकफॅडन यांनी दातजुळणीच्या तरंगाची उंची व कला एका फेऱ्यात कशी बदलते हे काढून तडा गेलेल्या दात्याचे स्थान दाखविता येते, हे सिद्ध केले. पुढे वेव्हलेट रूपांतर आणि अलीकडे यंत्रशिक्षणाच्या पद्धतीही आल्या. त्या उपयुक्त आहेत; परंतु यंत्रशिक्षणास निरोगी व सदोष अशा दोन्ही अवस्थांच्या भरपूर नोंदी लागतात, आणि आपल्याकडे नेमकी त्यांचीच वानवा आहे.

६. साखर मिलची वेगळी प्रकृती

पाठ्यपुस्तकातील पद्धत साखर मिलवर जशीच्या तशी लागू होत नाही. टर्बाइन मिनिटाला काही हजार फेरे घेते, तर मिलचे रोलर साधारण चार ते सहा. पारंपरिक रचनेत ही घट वेगवान गिअरबॉक्स, मंद गिअरबॉक्स आणि शेवटी उघडे मोठे गिअर अशा टप्प्यांत होते. अनेक कारखान्यांत आता टर्बाइनच्या जागी विद्युत मोटारी व ग्रहगतीचे गिअरबॉक्स आले आहेत.

पहिली अडचण मंद गतीची. रोलर मिनिटाला ५ फेरे घेत असेल व शेवटच्या गिअरला ९० दाते असतील तर दातजुळणीची वारंवारता केवळ ७.५ हर्ट्झ येते. त्वरणमापक विस्थापन मोजत नाही, त्वरण मोजतो. आणि विस्थापन तेवढेच असेल तर त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ५६७.३ हर्ट्झच्या तुलनेत ७.५ हर्ट्झला तेवढ्याच विस्थापनाचे त्वरण सुमारे ५,७०० पट कमी मिळते. शिवाय एका फेऱ्यास १२ सेकंद लागतात. वीस फेऱ्यांची सरासरी काढावयाची तर चार मिनिटे अखंड नोंद हवी.

दुसरी अडचण भाराची. गव्हाणीतून येणाऱ्या उसाचा थर कधी जाड, कधी विरळ असतो. भार बदलला की कंपनाची उंची बदलते व दोष नसतानाही पार्श्वपट्टांसारखा आभास निर्माण होतो. वेग बदलत असेल तर शिखरे पसरट होतात. अशा वेळी समान वेळेऐवजी शाफ्टच्या समान कोनांवर मोजमापे घ्यावी लागतात.

तिसरी अडचण रचनेची. मिलचा वरचा रोलर हायड्रॉलिक दाबाखाली वरखाली होत असतो, त्यामुळे रोलरांना जोडणाऱ्या क्राऊन पिनियनच्या केंद्रांतील अंतरच बदलते. ग्रहगतीच्या गिअरबॉक्समध्ये तर ग्रह-गिअर स्वतः फिरत फिरत संवेदकाजवळ येतात व दूर जातात. निरोगी अवस्थेतही त्यामुळे पार्श्वपट्ट दिसतात.

यावरून निष्कर्ष असा की, मिलच्या वेगवान टप्प्यासाठी कंपन-विश्लेषण हे प्रमुख साधन मानावे. मंद टप्प्यासाठी मात्र वंगणातील धातुकणांची तपासणी, मोटारीच्या विद्युतप्रवाहाचे विश्लेषण व प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणी यांची जोड द्यावीच लागते.

७. जिनिंग यंत्र

दुहेरी रोलर जिनमध्ये दोन रोलर परस्परविरुद्ध दिशांना फिरविणारा गिअरबॉक्स असतो आणि सरकी सोडविणारे पाते क्रँकच्या योगाने मिनिटाला हजाराच्या आसपास झोके घेते. म्हणजे सुमारे १६ ते १७ हर्ट्झचा एक जोरकस हेलकावा यंत्रात कायम असतो. एकूण पातळी मोजली तर मुख्यतः हाच हेलकावा मोजला जातो, गिअर नव्हे. शिवाय जिन ओळीने बसविलेले असतात व त्यांची मापे एकसारखी असतात. शेजारच्या जिनची दातजुळणीची वारंवारता अगदी लगतच पडते. त्यामुळे नोंद घेताना शेजारची यंत्रे काही क्षण थांबविणे किंवा फेऱ्याच्या खुणेनुसार सरासरी काढणे, हे दोनच मार्ग उरतात. येथे भार तुलनेने स्थिर असतो आणि गिअर मिलच्या मानाने वेगवान असतात. म्हणून विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी जिन हे मिलपेक्षा सोयीचे यंत्र आहे.

८. मर्यादांचा धडा

या शास्त्रास चालना देणारी मोठी घटना ६ नोव्हेंबर १९८६ रोजी घडली. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांजवळ तेलक्षेत्रातील कामगारांना नेणारे चिनूक हेलिकॉप्टर कोसळून ४५ जण मरण पावले. पुढील बाजूच्या गिअरबॉक्समधील एका गिअरला थकव्याने तडा गेला होता. त्यानंतर उत्तर समुद्रातील हेलिकॉप्टरांवर गिअरच्या कंपनांवर सतत लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणा बसविण्यास गती मिळाली.

परंतु २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेतील तुरॉय येथे अशी यंत्रणा असलेलेच हेलिकॉप्टर कोसळले व १३ जणांचा बळी गेला. ग्रह-गिअरच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खड्ड्यापासून निघालेला तडा आतल्या आत वाढत गेला. त्याने धातूचे फारसे कण सांडले नाहीत आणि कंपनाची यंत्रणाही त्यास पकडू शकली नाही. जेथे माणसांचे प्राण पणाला लागतात व खर्चाची तमा बाळगली जात नाही तेथेही ही स्थिती आहे. म्हणून कंपनात काही दिसले नाही याचा अर्थ दोष नाही, असा कधीही घेऊ नये. पद्धतीचा उपयोग शंका निर्माण करण्यासाठी करावा, निश्चिंत होण्यासाठी नव्हे.

९. महाविद्यालयांना काय करता येईल?

वरील सर्व विवेचनातून एक सूत्र पुढे येते. कोणतेही शिखर स्वतःहून निरोगी वा सदोष नसते. ते पूर्वीपेक्षा किती बदलले हे महत्त्वाचे. नवीन गिअरबॉक्सलाही पार्श्वपट्ट असतात, कारण कोणताही गिअर परिपूर्ण नसतो. म्हणून ज्या यंत्राची निरोगी अवस्थेतील नोंदच नाही, त्याचे निदान उत्कृष्ट उपकरणानेही संदिग्धच राहते.

ही नोंद घेण्याचे काम स्थानिक संस्था करू शकतात. परभणी येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नांदेड येथे श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. तालुक्यांच्या ठिकाणी विज्ञान महाविद्यालये व आयटीआय आहेत. भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र यांच्या पदव्युत्तर प्रकल्पांना यातून खरी सामग्री मिळेल. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे सुचविता येतो.

अ) ऑफ सीझनमध्ये प्रत्येक गिअरबॉक्सच्या दात्यांची संख्या, वेग व बेअरिंगांचे क्रमांक नोंदवावेत. दात्यांची संख्या ठाऊक नसेल तर वर्णपट वाचताच येत नाही.
आ) संवेदक बसविण्याच्या जागा रंगाने खुणाव्यात. हाताने धरलेल्या प्रोबचे मापन साधारण एक हजार हर्ट्झच्या पुढे विश्वासार्ह राहत नाही. संवेदक स्क्रूने अथवा निदान चुंबकाने घट्ट बसवावा.
इ) गाळप स्थिरावल्यानंतर पहिल्या काही दिवसांत आधारनोंद घ्यावी व त्या वेळचा भार, वेग आणि वंगणाचे तापमान लिहून ठेवावे.
ई) पुढे ठरावीक कालावधीने त्याच जागी, त्याच दिशेने व शक्यतो त्याच भारावर नोंदी घ्याव्यात.
उ) हंगामानंतर गिअरबॉक्स उघडला जाईल तेव्हा दात्यांची छायाचित्रे घेऊन नोंदींशी ताडून पाहावीत. अंदाज चुकला असेल तर तेही लिहावे. दोन्ही प्रकारच्या नोंदींतूनच ज्ञान वाढते.

मोबाईल फोनमधील संवेदकाचा मोह येथे टाळावयास हवा. अनेक फोन सेकंदाला १०० ते ४०० मोजमापे घेतात. ४०० मोजमापांतून २०० हर्ट्झपर्यंतच्याच वारंवारता ओळखता येतात. त्याहून वाईट म्हणजे, मोजणीपूर्वी योग्य गाळणी नसेल तर ५६७ हर्ट्झचा तरंग नाहीसा न होता १६७ हर्ट्झवर खोटे रूप घेऊन प्रकट होतो. कमी खर्चाचा, पण काही हजार हर्ट्झपर्यंत मोजणारा स्वतंत्र संवेदक घेणे हाच योग्य मार्ग होय.

निष्कर्ष

१. निरोगी गिअरही कंप पावतो. दोषाची खूण कंपनाच्या अस्तित्वात नसून त्याच्या बदलत्या रचनेत असते.
२. एका दात्यातील दोष एकूण पातळीत दडून राहतो. पार्श्वपट्ट, समकालिक सरासरी व शिखरता गुणांक यांच्या एकत्रित वाचनाने तो उघड होऊ शकतो.
३. साखर मिलच्या मंद टप्प्यांसाठी केवळ कंपनावर विसंबणे धोक्याचे आहे. वंगण-तपासणी व प्रत्यक्ष पाहणी यांची जोड अनिवार्य आहे.
४. निरोगी अवस्थेच्या आधारनोंदीवाचून कोणतेही पूर्वनिदान विश्वासार्ह ठरत नाही.

दाता तुटल्यानंतर नवा गिअर मिळविण्यास किती काळ लागेल हे कारखान्याच्या हाती नसते. तुटण्यापूर्वी महिनाभर जरी सूचना मिळाली, तरी सुटा भाग मागवून गाळपाच्या नियोजित स्वच्छतेच्या थांब्यात दुरुस्ती करता येते आणि तोडलेला ऊस फडात वाळत नाही. संवेदक, संगणक व सिद्धान्त ही साधने उपलब्ध आहेत. उणीव आहे ती वर्षानुवर्षे एकाच यंत्राच्या नोंदी ठेवण्याच्या शिस्तीची. आणि ही शिस्त ज्यांच्या व्यवसायाचाच भाग आहे अशा महाविद्यालयांनी तिची सुरुवात करावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.